घाटासाठी पेट्रोल

बायको बदलीच्या गावी रुजू झाली त्यानंतरच्या दुसऱ्याच शनिवारी मी गाडी घेऊन तिच्याकडे निघालो, आणि घाटाच्या तिसऱ्या वळणावर इंजिनातून आवाज यायला लागला. रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर कुणीतरी चमच्याने टक टक टक वाजवावं तसा. मी रेडिओ बंद केला. आवाज चालूच. खिडकी खाली केली. आवाज वाढला. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि इंजिनातलं काहीही न कळणारा माणूस इंजिनाकडे जसा बघतो तसा, म्हणजे अतिशय गंभीरपणे, दहा मिनिटं बघत उभा राहिलो. इंजिन गरम आहे एवढं मला कळलं. मग गाडी वळवली आणि घरी परत आलो. उतारावर एकदाही आवाज आला नाही.

"गाडीला आवाज येतोय," मी फोनवर सांगितलं.

"कसला?"

"डब्यावर चमच्याचा."

ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी बसने या."

आता इथे एक घरगुती गुपित सांगणं भाग आहे. घाटातल्या बसमध्ये मला उलट्या होतात. स्वतः गाडी चालवली तर काही होत नाही, पण बसमध्ये चौथ्या वळणाला माझा चेहरा पडतो, सहाव्या वळणाला शेजारचा माणूस जागा बदलतो आणि पुढचं मी लिहीत नाही. जगात हे फक्त माझ्या बायकोला माहीत आहे. ऑफिसात तर कळता कामाच नये. मी जन्म-मृत्यू नोंदणी विभागात हेडक्लार्क आहे. माझ्या सहीवाचून आमच्या गावात कुणी जन्माला येत नाही, आणि मेलेल्या माणसालाही माझी सही होईपर्यंत थांबावं लागतं. अशा माणसाने खिशात प्लास्टिकची पिशवी घेऊन प्रवास करायचा म्हणजे पदाची शोभा काय राहिली?

शिवाय मी गाडीने जाणार असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बायको बावीस वर्षं टपाल कार्यालयाच्या काउंटरवर बसली आणि आता घाटावरच्या एका गावात पोस्टमास्तर झाली. बढती नाकारायची तर पुढची दहा वर्षं तोच काउंटर. आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर बसून तीन संध्याकाळी विचार केला आणि तिने जावं असं ठरवलं. जोरात ठरवलं मी. "त्यात काय, दर शनिवारी गाडी काढली की चार तासांत तुझ्या दारात," हे वाक्य मी इतक्या वेळा इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की परत आलेली गाडी बिल्डिंगच्या फाटकातून आत घेताना मी मान खाली घातली.

पण खालच्या मजल्यावरच्या विमा एजंटने पाहिलंच. याला आम्ही 'अनुभवी' म्हणतो, कारण त्याचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव सांगतो" इथून सुरू होतं.

"इतक्यात आलात? वहिनी भेटल्या नाहीत का?"

मी आवाजाचं सांगितलं. तो हसला. ज्याने हे सगळं आधीच भोगलेलं असतं तो माणूस हसतो, तसा.

"पेट्रोल कुठलं भरता?"

"कोपऱ्यावरच्या पिवळ्या पंपावरचं."

"माझा अनुभव सांगतो. पिवळ्या पंपावर कधी भरायचं नाही. निळ्या पंपावर भरायचं. मी अकरा वर्षं निळं भरतोय. गाडी कशी लोण्यासारखी चालते."

अनुभवीची गाडी लोण्यासारखी चालते हे खरं असावं, कारण ती बहुतेक वेळ गॅरेजात असते. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मला एवढंच वाटलं, की प्रश्न फक्त पंप बदलण्याचा आहे आणि पुढच्या शनिवारी मी तिच्या दारात असेन.

मी निळ्या पंपावर टाकी भरायला निघालो, तर अनुभवीचा सल्ला वरून ऐकलेले, वरच्या मजल्यावरचे सर जिन्यात भेटले. सर रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. निवृत्त झाल्यापासून त्यांना विद्यार्थी मिळत नाहीत, त्यामुळे जिन्यात जो सापडेल त्याचा ते तास घेतात.

"ब्रँडचा काही संबंध नाही," सर म्हणाले. "प्रश्न ऑक्टेनचा आहे."

"ऑक्टेन म्हणजे ताकद ना?"

सरांनी डोळे मिटले. "सगळ्यांचा हाच गैरसमज आहे. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, संयम. इंजिनात पेट्रोल आणि हवा दाबली जाते. ठिणगी पडली की मग पेटायचं, असा नियम. पण कमी ऑक्टेनचं पेट्रोल दाबाखाली धीर सोडतं आणि वेळेआधीच कुठेतरी भडकतं. तीच तुमची टकटक. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल कितीही दाबलं तरी आपली वेळ येईपर्यंत थांबतं."

मी एक पायरी खाली आणि सर एक पायरी वर, असे आम्ही अर्धा तास उभे होतो. शेवटी त्यांनी सांगितलं, की खरं उत्तर हवं असेल तर प्रयोग करावा लागेल. एका वेळी एकच पेट्रोल. आधीचं पूर्ण संपल्याशिवाय दुसरं भरायचं नाही, नाहीतर मिश्रण होतं आणि निष्कर्ष बाद. चढ प्रत्येक वेळी तोच. नोंदी लेखी.

लेखी नोंदी म्हटल्यावर माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला. मी ऑफिसातून रद्द झालेली एक नोंदवही आणली. तिच्यावर 'मृत्यू' असं छापलेलं होतं, ते खोडून 'पेट्रोल' लिहिलं. रकाने आखले: पंप, प्रकार, तारीख, टाकीच्या चढावर आवाज, अ‍ॅव्हरेज, शेरा. टाकीचा चढ म्हणजे आमच्या वसाहतीमागे पाण्याच्या टाकीकडे जाणारा रस्ता, घाटातल्या वळणांइतकाच खडा.

"म्हणजे या शनिवारी नाही," बायको फोनवर म्हणाली.

"शास्त्रशुद्ध करायचं तर महिना लागेल. पण मग कायमचं काम होईल."

"बरं," ती म्हणाली. "इथे आज दिवसभर धुकं होतं. दिवे लावून काम केलं."

मी तिला नोंदवहीतले रकाने वाचून दाखवले.

प्रयोगातला सगळ्यात अवघड भाग पेट्रोल भरण्याचा असेल असं तुम्हाला वाटेल. तो संपवण्याचा असतो. माझं ऑफिस घरापासून चालत दहा मिनिटांवर. गाडीने जायचं तर कुठे जायचं? मी रविवारी सकाळी गाडी काढून वसाहतीभोवती फेऱ्या मारायला लागलो. पहिल्या फेरीला लोक हात करायचे. तिसऱ्या फेरीला विचारायचे, "काही हरवलंय का?" सहाव्या फेरीला दुधाच्या दुकानाशी उभ्या असलेल्या बायका आपसात बोलायच्या आणि मी जवळ आलो की थांबायच्या. नंतर मला कळलं, की बायको सोडून गेल्यापासून साहेबांच्या डोक्यावर परिणाम झाला, अशी बातमी पसरली होती. सोडून गेली म्हणजे बढतीवर गेली, हे प्रत्येकाला गाडी थांबवून समजावणं शक्य नव्हतं. उभ्या गाडीतही पेट्रोल जळलं असतं हे खरं, पण अ‍ॅव्हरेजचा हिशोब चुकला असता.

एकदा पेट्रोल माझ्या अंदाजाआधीच संपलं. जागा कुठली, तर बरोबर ऑफिसच्या फाटकासमोर. वेळ कुठली, तर सकाळी साडेदहाची. शिपायाने, रोखपालाने आणि जन्मदाखल्यासाठी आलेल्या दोन बापांनी मिळून माझी गाडी ढकलली. त्यातल्या एका बापाने ढकलता ढकलता विचारलं, "साहेब, दाखला आज मिळेल ना?" त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीआधीच दोन्ही दाखले दिले. नोकरीत पहिल्यांदाच.

निळ्या पंपाचं साधं पेट्रोल: आवाज आहे. लाल पंपाचं साधं: आवाज आहे. निळ्याचं जास्त ऑक्टेनचं, जे पंपावरच्या फलकावर धावणाऱ्या घोड्याच्या चित्रासह मिळतं: आवाज आहे, अ‍ॅव्हरेज तेवढंच, शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'घोडा दिसला नाही.' सरांना वही दाखवली तर ते म्हणाले, "नमुने अपुरे आहेत." अनुभवी म्हणाला, "माझा अनुभव सांगतो, निळ्या पंपाचा गुण यायला सहा टाक्या लागतात."

रोज संध्याकाळी साडेआठला फोन. मी तिला निकाल सांगायचो. ती ऐकायची. मग तिच्याकडचं एखादं सांगायची. की तिथे एक म्हातारे गृहस्थ रोज येऊन स्वतःच्याच नावचं पत्र आलंय का विचारतात. की खोलीच्या खिडकीतून दरी दिसते. की थर्मास फुटला. मी म्हणायचो, "हो का," आणि पुढच्या पंपाकडे वळायचो. फोन ठेवला की घर एकदम मोठं व्हायचं. तिचा चष्म्याचा जुना डबा टेलिफोनपाशी पडलेला होता, तो मी उगीच उघडायचो आणि बंद करायचो. त्याची टिचकी चांगली वाजते. मग नोंदवही काढून बसायचो. वही होती म्हणून बरं. तिच्यात मी काहीतरी करतोय असं दिसायचं.

या काळात ती दोनदा आली. सात तास बस, एक रविवार, पुन्हा सात तास बस. दुसऱ्यांदा आली तेव्हा दुपारभर झोपली. मी शेजारच्या खोलीत खुर्चीवर बसून होतो, पान उलटायचा आवाज होऊ नये म्हणून वर्तमानपत्राचं एकच पान वाचत. संध्याकाळी तिला बसवर सोडलं. बसस्टँडचा रस्ता सपाट आहे. गाडी अगदी शहाण्यासारखी चालली, त्यामुळे मला ती टकटक बायकोला ऐकवताही आली नाही. बस हलली तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "तुम्ही येताय म्हणून मी लोकांना सांगितलंय." एवढंच. बस गेल्यावर मी धुरात उभा राहिलो आणि मला पेट्रोलचा मनस्वी राग आला.

त्या रागाच्या भरात मी ठरवलं, की भेसळ आहे. सगळ्याच पंपांवर भेसळ असली तर सगळे निकाल सारखेच येणार. इतका साधा तर्क सरांना सुचू नये याचं मला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी पिवळ्या पंपावर गेलो आणि म्हणालो, "मला फिल्टर पेपरची चाचणी हवी आहे. ग्राहकाचा तो हक्क आहे." नळी हातात घेतलेल्या बाई पन्नाशीच्या, शांत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं, आणि आतून पांढरा कागद आणला. नळीच्या तोंडावरून एक थेंब कागदावर टाकला. "दोन मिनिटं थांबायचं," त्या म्हणाल्या. "डाग राहिला तर भेसळ."

आम्ही दोघं त्या थेंबाकडे बघत उभे राहिलो. मागे हॉर्न वाजायला लागले. एक रिक्षावाला खाली उतरून आला, काय चाललंय ते त्याने विचारलं आणि तोही बघायला लागला. बघता बघता सात-आठ माणसं त्या कागदाभोवती जमली. थेंब आक्रसला, कडा सुकल्या आणि कागद पहिल्यासारखा कोरा झाला.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"घनता," मी म्हणालो.

त्यांनी काचेचं उंच भांडं आणलं, त्यात पेट्रोल ओतलं, तरंगती नळी सोडली, आकडा वाचला, तक्त्याशी ताडून दाखवला. बरोबर होता. मागून कुणीतरी म्हणालं, "रक्त पण तपासून घ्या." लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला जायचंय कुठे, साहेब?"

"घाटावर," मी म्हणालो. "मंडळी तिकडे असतात."

"मग भरू का टाकी?"

मी नको म्हणालो. नियमात बसत नव्हतं, टाकीत अजून लाल पंपाचं शिल्लक होतं.

आता माघार घेणं शक्य नव्हतं. मी वजनमापे आणि इंधन तपासणी कार्यालयात गेलो. आयुष्यभर मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो आहे. बाहेरच्या बाजूने खिडकी किती उंच असते, हे मला त्या दिवशी कळलं. आतल्या अधिकाऱ्याने अर्ज उलटून पाहिला आणि म्हणाला, "गाडी तुमचीच आहे याचा पुरावा जोडलेला नाही. तुमचा स्वतःचा पुरावा जोडलेला नाही. आणि जन्मदाखल्याची प्रत लागेल."

"जन्मदाखला कशाला?"

"नियम आहे."

"जन्मदाखल्यावर सही मीच करतो."

"मग तुम्हाला सोपं पडेल," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मी माझ्याच ऑफिसात, माझ्याच खिडकीवर, माझ्याच जन्माच्या दाखल्यासाठी अर्ज केला. स्वतःच्या दाखल्यावर स्वतः सही करता येत नाही म्हणून तो वरच्या साहेबांकडे गेला. साहेब रजेवर. बारा दिवस माझा जन्म झाला होता की नाही, हे सरकारी दृष्ट्या अनिश्चित होतं.

नमुना घ्यायचा तो ॲल्युमिनियमच्या सीलबंद डब्यात, दोन प्रतिष्ठित नागरिकांच्या समक्ष. मी सरांना आणि अनुभवीला पिवळ्या पंपावर नेलं. तिथे दोघांचं भांडण झालं. सर म्हणाले, सगळ्या पंपांचं पेट्रोल एकच. अनुभवी म्हणाला, तसं असतं तर निळा पंप निळा कशाला असता. सरांनी त्याला अडाणी म्हटलं. अनुभवीने सरांना विचारलं की तुमच्याकडे गाडी तरी आहे का. नव्हती. सर सही न करता चालत घरी गेले आणि त्यांच्या जागी त्या पंपावरच्या बाईंनीच सही केली. आपल्याच पंपाविरुद्धच्या अर्जावर इतकी सुवाच्य सही मी दुसरी पाहिली नाही.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. पत्र मी उभ्या उभ्याच वाचलं. नमुना प्रमाणित मर्यादेत आहे. अर्जदाराच्या माहितीसाठी कळवण्यात येते की, तिन्ही पंपांना होणारा पुरवठा एकाच डेपोतून होतो. प्रत्येक कंपनी त्यात आपापलं शुद्धीकरणाचं द्रव्य थोड्या प्रमाणात मिसळते. अर्जदाराने वाहनाची तपासणी करून घ्यावी.

मी ते पत्र संध्याकाळी तिला फोनवर वाचून दाखवलं. सही-शिक्क्यासकट. ती मध्येच म्हणाली, "झोप लागते का तुम्हाला?"

"लागते की. का?"

"सहज."

मी वाट पाहिली की आता ती विचारेल, या शनिवारी येताय का. गेले सात महिने दर आठवड्याला ती विचारायची आणि मला त्याचा त्रास व्हायचा. तिने विचारलं नाही. म्हणाली, "ठेवते. उद्या टपालाची गाडी लवकर आहे." मला आठवेना, आदल्या आठवड्यात तरी तिने विचारलं होतं का? त्याच्या आधीच्या? मी वही काढली. तिच्यात असलं काही लिहिलेलं नव्हतं. तीत फक्त पेट्रोल होतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेलो. आधीच का नाही गेलो, असं तुम्ही विचाराल. मिस्त्री हा माणूस फार कमी बोलतो आणि जे बोलतो त्याचा मला राग येतो, हे एक कारण. त्याने काहीतरी भयंकर सांगितलं आणि घाटाचा विषयच संपला तर, ही भीती, हे दुसरं.

मिस्त्रीने हात पुसले आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसला. "चला चढावर."

टाकीच्या चढाला लागलो. अर्ध्यावर टकटक सुरू झाली. "हा," मी म्हणालो. "ऐकलंत? आता पिवळ्याचं साधं आहे, पण घोड्याच्या पेट्रोललाही असाच येतो."

मिस्त्री रस्त्याकडे बघत होता. "गिअर कितवा?"

"चौथा."

"चढावर?"

"चौथ्यावर पेट्रोल वाचतं."

त्याने स्वतःच्या हाताने गिअरची दांडी पुढे ढकलली. मी घाईने क्लच दाबला. गाडी तिसऱ्यावर आली, मग दुसऱ्यावर. इंजिनाने मोठा श्वास घेतल्यासारखं केलं. आवाज बंद. आम्ही टाकीपर्यंत सरळ चढून गेलो.

मिस्त्रीने समोरचा कप्पा उघडून गाडीचं पुस्तक काढलं. ते नऊ वर्षांत मी एकदाही उघडलं नव्हतं. पान काढून माझ्यासमोर धरलं. साधं पेट्रोल पुरेसं आहे, असं तिथे छापलेलं होतं. त्याच्याच खाली, चढावर खालचा गिअर वापरावा.

"जास्त ऑक्टेनची इंजिनं वेगळी असतात," तो म्हणाला. "या गाडीला अमृत पाजलं तरी चौथ्यावर घाट चढणार नाही. आवाज कधीपासून?"

"सात महिने."

"आणि आधी? आधी घाट चढला नाहीत का कधी?"

चढलो होतो. कित्येकदा. तेव्हा आवाज नव्हता. मी टाकीच्या भिंतीकडे बघत बसलो आणि हळूहळू मला आठवायला लागलं. गाडीत मी एकटा असा कधी नसायचोच. ती शेजारी बसलेली असायची, मांडीवर पर्स घेऊन. तिला गाडी चालवता येत नाही, क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हेही ती ओळखणार नाही. पण चढ लागला आणि इंजिनाचा सूर जरा जड झाला, की ती खिडकीबाहेर बघत म्हणायची, "अहो, गाडी दमली." मला त्याचा संताप यायचा. गाडी दमत नसते, हे मी तिला अनेकदा समजावलं होतं. आणि तिने गप्प बसावं म्हणून मी दांडी ओढून गिअर उतरवायचो. नऊ वर्षं. या गाडीच्या आधीच्या स्कूटरवरही ती हेच म्हणायची, मागून, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

"साहेब," मिस्त्री म्हणाला, "उतरतो मी. खाली गिऱ्हाईक थांबलंय." पण लगेच उतरला नाही. जरा वेळ बसून राहिला. त्या माणसाबद्दल मी पुन्हा कधी वाईट बोललो नाही.

शनिवारी सकाळी साडेनऊला निघालो. वाटेत एका पंपावर टाकी भरली. घाट लागला. पहिल्या वळणावर इंजिनाचा सूर जड झाला आणि मी मोठ्याने म्हणालो, "अहो, गाडी दमली." स्वतःला अहो म्हणताना विचित्र वाटलं, पण गाडीत दुसरं कुणी नव्हतं. गिअर उतरवला. पुढच्या वळणावर पुन्हा म्हणालो. घाटात एकतीस वळणं आहेत. शेवटच्या वळणापर्यंत मी एकही चुकवलं नाही.

टपाल कार्यालय बाजारपेठेच्या टोकाला, एका मजल्याचं. आत एकच खिडकी चालू होती आणि तिथे पोस्टमास्तर स्वतःच बसल्या होत्या, कारण कारकून आजारी होता. चार माणसं रांगेत. सरळ पुढे जावं की काय ते कळेना, म्हणून मी पाचवा उभा राहिलो. ती मान खाली घालून लिहीत होती. केस कानामागे सारायची तिची सवय तशीच होती, चष्मा मात्र नवा. नवा चष्मा घेतल्याचं तिने फोनवर सांगितलं असणार. मी नक्की "हो का" म्हणालो असणार.

एकेक माणूस पुढे सरकला. एका बाईंना पावतीवरचा पत्ता चुकलेला होता, तो तिने न कंटाळता दोनदा दुरुस्त करून दिला. तिची बोलण्याची तऱ्हा इथे वेगळी होती, जराशी ठाम. मला उगीचच तिची भीती वाटली.

"बोला, काय पाठवायचंय?" तिने वर न बघता विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "आलोय."

तिने वर पाहिलं. पेन तसंच कागदावर टेकलेलं राहिलं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"किती वेळ उभे होतात?"

"वीस मिनिटं."

"पुढे यायचं ना."

"लोक काय म्हणाले असते."

माझ्या मागे एक गृहस्थ येऊन उभे राहिले होते. तिने त्यांच्याकडे पाहून म्हटलं, "आमचे मिस्टर." पोस्टमास्तरांचे मिस्टर कसे दिसतात ते त्यांनी नीट पाहून घेतलं. सात महिन्यांपूर्वी मला हे सहन झालं नसतं. मी त्यांना नमस्कार केला.

"बसा तिकडे बाकावर," ती म्हणाली. "साडेचारला बंद होतं."

मी बाकावर बसलो. ती काम करत होती आणि मध्येच एकदा इकडे बघत होती, मी खरंच आहे का ते पाहावं तसं. साडेचारला तिने शटर ओढलं, कुलूप लावलं, कुलूप ओढून पाहिलं. मग गाडीत येऊन बसली, मांडीवर पर्स घेऊन.

"कुठलं भरलंत शेवटी?"

मी आठवून पाहिलं. पंप निळा होता का लाल, काही केल्या डोळ्यांसमोर येईना.

"बघितलं नाही," मी म्हणालो.

ती खिडकीबाहेर बघत हसली. बराच वेळ हसत होती. मग रुमालाने चष्मा पुसला.

तिची खोली एका घराच्या वरच्या मजल्यावर होती. एक पलंग, एक शेगडी, खिडकीत दरी. खिडकीशी छोटं टेबल आणि टेबलाला दोन खुर्च्या. एका खुर्चीच्या पाठीवर तिची शाल होती आणि बसायची जागा झिजून मऊ झालेली. दुसरी अगदी कोरी. दुकानातून आली तेव्हाचं प्लास्टिक तिच्यावर तसंच होतं, पाठीला, हातांना, सगळीकडे. मी त्यावरून बोट फिरवलं. धूळ नव्हती.

"ही कधी घेतलीस?"

ती शेगडीकडे तोंड करून चहाचं आधण ठेवत होती. "पहिल्या आठवड्यात. तुम्ही शनिवारी येणार होतात ना."

मी बसलो. प्लास्टिक करकरलं. जरा हललो, पुन्हा करकरलं.

"हे काढू का?"

ती वळली. हात पदराला पुसत जवळ आली आणि खुर्चीच्या पाठीमागची गाठ शोधायला लागली.

"उठा," ती म्हणाली. "आता काढू."

प्लास्टिक फार घट्ट बसवलेलं होतं. एका बाजूने तिने धरलं, दुसऱ्या बाजूने मी धरलं, आणि आम्ही दोघांनी ओढलं.